किड्याला माझं नाव

नमुना:
मी, सुलेखा तांगडे. राहणार पाचोड. विद्यापीठात बुरशीवर संशोधन करते. अजून रागात आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

कुठं सापडला:
पाचोडहून शहराकडे येणाऱ्या एसटीत. माझ्या मांडीवर आमच्या बागेतली मोसंबीची वाळकी फांदी, पेपरात गुंडाळलेली. शेजारी हा. बस आदळली आणि फांदीतला पांढरा भुसा त्याच्या काळ्या पँटवर सांडला.

"सॉरी, झटकते—"

"हलू नका!"

अख्खी बस वळून बघायला लागली. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि स्वतःच्याच गुडघ्याकडे असं पाहिलं… माझ्याकडे तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"कुठली फांदी?"

"आमच्या बागेतली. कामाला येणाऱ्या पारूबाईंनी दाखवली. म्हणाल्या, झाडातून शेवया येतात."

"शेवया!" तो हळूच म्हणाला. "चार वर्षं या किड्यांवर वाचतोय. भोकातून लोंबणाऱ्या भुशाच्या काड्यांना हा शब्द कुणाला सुचला नाही."

विश्वजीत काळवणे. गंगापूरचा. प्राणिशास्त्र विभाग. पिशवीत करवत.

ओळख:
किडा दोन मिलिमीटरचा. लाकूड पोखरतो, पण खात नाही. बोगद्यात बुरशी पेरतो आणि तीच खातो. शेतकरीच म्हणा. त्यामुळे वाटणी सोपी होती. किडा विश्वजीतचा, बुरशी माझी.

"सगळं मादीच करते," सूक्ष्मदर्शकावर वाकून तो सांगायचा. "बोगदा तीच खोदते, बुरशी तीच पेरते, पिल्लंही तीच सांभाळते."

"आणि नर?"

"एवढुसा. उडता येत नाही. घराबाहेरच पडत नाही."

"गंगापूरचा का?"

तो हसला. हसताना डोळ्यासमोर भिंग होतं, त्यामुळे एकच डोळा भलामोठा दिसला. मी नजर खाली वळवली. खाली किडा होता. बरं झालं.

वेगळेपण:
सात महिने लागले. किड्याच्या पाठीला मागं उतार असतो, त्याची मी चौदा चित्रं काढली. जवळच्या सगळ्या जातींना तिथं तीन बारीक टोकं, त्यांना दात म्हणतात. आमच्या किड्याला चार, आणि चौथा वाकडा. तो चौथा मला दिसला. विश्वजीतला नाही. परदेशातल्या संग्रहालयांतून फोटो मागवले, एकेक ताडून पाहिला. कुठंच वाकडा दात नाही. जात नवी होती. जगात कुणी तिला नाव दिलं नव्हतं.

त्या दुपारी त्यानं माझा हात धरला. बोटांना स्पिरिटचा वास होता, त्याच्याही आणि माझ्याही.

नाव:
"डोळे मीट," एका शुक्रवारी तो म्हणाला. हातात कागद दिले. आमचा लेख, पाठवण्याआधी प्रिंट काढलेला. किड्याच्या नावात लॅटिन शेपटी लावून मी बसले होते. सुलेखा… कायमची. मी ते दोनदा वाचलं. मग नजर वर गेली. लेखक एकच होता. विश्वजीत काळवणे.

"माझं नाव कुठंय?"

"अगं, किड्यालाच दिलंय!"

"लेखकांत कुठंय?"

"ते… आपल्या शोधाला कुणी आपलंच नाव देत नाही ना. लोक हसतात. म्हणून तुला लेखकांतून—"

"काढलंस."

"प्रेमानं काढलं गं…"

राग:
(नव्या जातीच्या नोंदीत हा रकाना नसतो. मी घातला.)

प्रेमानं! माझी चित्रं आत होती, बुरशी आत होती, वाकडा दात पहिल्याच ओळीत होता. मी कुठं होते? आभारात. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलणाऱ्या कारभारीमामांच्या खाली. मामांचं काही चुकलं नव्हतं, दिवा त्यांनी खरंच बदलला होता.

"मला टाचणीवर टोचलंस तू," मी म्हणाले. "खाली सुंदर चिठ्ठी लावलीस आणि पेटी बंद केलीस. एकदा विचारलंस?"

"सरप्राइज होतं…"

मी चौदाही चित्रं उचलली. बुरशीच्या बशाही उचलल्या.

"सुलेखा, सोमवारी लेख पाठवायचाय!"

"पाठव. चौथा दात तोंडानं सांग."

पुन्हा कुठं सापडला:
आमच्या बागेत, अकरा दिवसांनी. मी रोगट फांद्या छाटत होते, जरा जास्तच जोरात. बांधावरून करवत घेऊन तो येत होता. पण माझ्याकडे आला नाही. सरळ पारूबाईंसमोर उभा राहिला.

"पारूबाई, तुम्ही शेवया दाखवल्या तो किडा नवा निघाला. सगळ्यात आधी तुम्हाला दिसला. तुमचं नाव दिलं तर चालंल का?"

पारूबाईंनी विळा खाली ठेवला. "किड्याला माझं नाव? झाडं वाळवणाऱ्या?"

"तुम्ही नाय म्हणलात तर नाय."

"बाई हाय का बाप्या?"

"बाईच. सगळं काम तीच करती."

"आन् बाप्या?"

"घरात बसून खातो."

"मंग द्या," पारूबाई म्हणाल्या. "लई वळखीची दिसती."

मला हसू आलं. ते मी दात आवळून परतवलं.

मग तो माझ्याकडे आला. पाठवायच्या लेखाचं पहिलं पान त्यानं पुढं केलं. सोमवारी लेख गेलाच नव्हता. वर दोन नावं होती. तांगडे आणि काळवणे. माझं आधी.

"दात तू शोधलास," तो म्हणाला. "काही बदलायचं असंल तर बदल. विचारायला आलोय."

"अकरा दिवस लागले?"

"पहिले तीन मलाच राग आला होता. मग दात मोजायला बसलो. तुझ्या चित्रांशिवाय… तीनच दिसत होते."

वाऱ्यावर मोसंबीच्या पाल्याचा वास आला. नव्या जातीच्या नावामागं ज्यांनी तिचं वर्णन केलं त्यांची नावं येतात. दोघं भांडोत, दुरावोत, मरोत… मधलं 'आणि' पुन्हा कुणाला खोडता येत नाही. हे त्याला माहीत होतं. मलाही.

"अजून एक विचारायचंय," तो म्हणाला. "कागदाबाहेरचं. ते 'आणि'… इथंही…"

"मी अजून रागात आहे."

"दिसतंय."

"बराच वेळ राहीन."

"मी थांबतो. उडता कुठं येतंय मला?"

पारूबाई खुशाल ऐकत होत्या. मी झाडाची एक मोसंबी ओढून तोडली, रागातच सोलली आणि दोन भाग केले. अर्धी त्याला दिली.

मोठी अर्धी मी ठेवली.