कॉटन स्ट्रीटवरचे पांढरे पट्टे

"माझा क्लब कुणीतरी चर्चच्या दिशेनं एकशेचाळीस फूट ढकललाय," मिस ऑर्लीन गिलोरी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "आणि ढकलणारा मला उद्या दुपारी दोनच्या आत हवाय."

कोच टार्व्हर कॉफी पीत होते, ती त्यांच्या नाकात गेली. टेबलाच्या पलीकडे देल्फीन ब्रूसारने मात्र शांतपणे वही उघडली. पोर्ट अर्नो शहरात खाजगी तपासाचा धंदा करणारी ती एकटीच बाई. कोच तिचे शाळेतले फुटबॉलचे मास्तर. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोचे डोके खाऊ लागले, तेव्हा त्या माऊलीनेच त्यांना देल्फीनची गाडी चालवायला पाठवून दिले होते.

"आधी बसा," देल्फीन म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांगा."

मिस ऑर्लीन बसल्या. चौसष्ट वर्षांची, ताठ पाठीची बाई. "नदीकाठचा 'सिल्व्हर हेरन' माझा, हे तुला ठाऊक आहेच. अठ्ठावीस वर्षं. शुक्रवारी दुपारी मासे, शनिवारी अकॉर्डियन आणि नाच. ती इमारत विकली गेली, महिनाअखेर पाडणार. कॉटन स्ट्रीटवर मी नवी जागा घेतली. आता दारूचं लायसन्स तिकडे हलवायला नगरसभेची परवानगी लागते. आपल्या नाचगाण्याच्या पेठेत लायसन्सं बाराच. तेरावं नाही. माझं वेळेत हललं नाही तर मेलं. मग ते रांगेतल्या पहिल्याला मिळणार."

"रांगेत पहिला कोण?"

"ब्रेंट केसलर. ह्यूस्टनचा."

"आणि हे फुटांचं काय?"

"चर्चच्या दारापासून क्लबचं दार तीनशे फूट तरी लांब हवं. मार्चमध्ये सरकारी माणसानं चाक फिरवून मोजलं, तीनशेचाळीस. मग कुणीतरी निनावी पत्र टाकलं, पुन्हा मोजा म्हणून. गेल्या आठवड्यात तोच माणूस आला, तेच चाक घेऊन. दोनशे! चर्च हललं नाही, माझं दार हललं नाही. मग फूट गेले कुठे?"

"त्या माणसानं पैसे खाल्ले," कोचनी निकाल दिला.

"कोच, खेळ सुरू व्हायच्या आधीच तुम्ही पेनल्टी देता," देल्फीन म्हणाली. "मिस ऑर्लीन, उद्या दोनला नगरसभेत नाही म्हणाले तर?"

"तर अठरा माणसं घरी बसतील. आणि मीही. मला दुसरं काही येत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही." त्या उठल्या. "मी रडायला नाही आले, पोरी. मला लायसन्स हवंय."

मोजणारे मिस्टर डुप्ले लायसन्स कचेरीत सापडले. बुटांची टोके झिजलेली, बोलणे मोजूनमापून.

"पैसे खाल्ले म्हणे मी?" त्यांनी कोचकडे चष्म्यावरून पाहिले. "साहेब, प्यायलेला माणूस रस्ता कुठूनही ओलांडतो. नियम म्हणतो, कायदा पाळणारा माणूस ज्या वाटेनं चालेल ती वाट मोजा. मार्चमध्ये रस्ता ओलांडायचे पट्टे फक्त कोपऱ्यावर होते. चर्चपासून कोपरा दोनशेवीस. रस्ता पन्नास. पलीकडून क्लबपर्यंत उलटं मागे सत्तर. झाले तीनशेचाळीस. आता मधेच पट्टे झालेत. दीडशे चाला, पन्नास ओलांडा, पोचलात. पट्टे जिथे, माझं चाक तिथे."

"हा हिशेब मार्चमध्ये कुणाला समजावला होतात?" देल्फीनने विचारले.

"सोबत चालणाऱ्यांना. चर्चचे रेव्हरंड आणि हेरनचा मॅनेजर. मग केसलरही येऊन फाइल वाचून गेला. त्यात सगळं लिहिलेलंच आहे."

बाहेर आल्यावर कोचनी सुस्कारा टाकला. "म्हणजे गुन्हा नाहीच. शहरानं नवे पट्टे मारले, बिचारीचं नशीब फुटलं."

"चला, ते नशीब जरा जवळून बघू," देल्फीन म्हणाली.

कॉटन स्ट्रीट दुपारच्या उन्हात तापला होता. पट्टे मात्र झकास होते, पांढरेशुभ्र आणि रुळासारखे सरळ. एक अगदी वयस्कर बाई सामानाची दोनचाकी ट्रॉली ओढत त्यांवरून येत होती. एक ट्रक न थांबता तिच्या पुढून भोंगा वाजवत गेला. पदपथाशी आल्यावर तिची ट्रॉली उंच काठाला अडली. कोच धावले आणि त्यांनी ती उचलून वर ठेवली.

"देव भलं करो, बाबा," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "कोपऱ्यावर कसा उतार आहे, इथे म्हणजे डोंगर चढायचा. पण जवळ पडतं. गाड्या मेल्या थांबत नाहीत. पाटी नाही ना इथे."

"हे पट्टे मारताना पाहिलंत का तुम्ही?" देल्फीनने विचारले.

"पाहिलं म्हणजे? मोतीबिंदूतून दिसलं तेवढं. तीन आठवडे झाले, मंगळवारी भर दुपारी. केशरी जाकीट, टोपी, तोंडाला फडकं. पण पोरगा गुणी हं! 'जपून, मिस युलाली, रंग ओला आहे' म्हणाला. मग खांबांमधला लाल दोर सोडून मला वाट दिली, राणीला देतात तशी. नाहीतर हल्ली कोण एवढं करतं?"

"दोर कसा होता?"

"जाड, मऊ. मी हात लावून पाहिला." ती हसली. "मी रविवारी चर्चात असते, शुक्रवारी हेरनच्या माशांना. पोटही देवानंच दिलंय."

रेव्हरंड सायलस पेटी चर्चच्या पायऱ्या झाडत होते. क्लबचे नाव काढताच त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"मला तो क्लब समोर नको. उद्या सभेत उभा राहून तसं सांगणार आहे. ऑर्लीनलाही तोंडावर सांगितलंय."

"निनावी पत्र तुम्ही लिहिलंत?"

"मी पत्र लिहिलं तर खाली सही असते, बाई. तीस वर्षं लोकांना खरं बोला म्हणून सांगतोय." त्यांनी पलीकडच्या पदपथाकडे पाहिले. "सिस्टर युलालीची ट्रॉली उचललीत, बरं केलंत. उद्या कोण उचलणार, हाच मला घोर."

"तुम्ही सगळ्या बायकांना सिस्टरच म्हणता?"

"या दाराच्या आत-बाहेर, सगळ्यांना. माझ्या सख्ख्या आईलासुद्धा चर्चात मी सिस्टर पेटीच म्हणायचो. आमच्या पोराबाळांच्या तोंडातही तेच बसलंय."

ब्रेंट केसलरचा बार पेठेच्या दुसऱ्या टोकाला होता. काचेचा, निळ्या दिव्यांचा. केसलर दात दाखवत आला.

"दुसऱ्या जागेसाठी लायसन्स हवंय मला, लपवतो कशाला? आलं तर चालवायला माणूसही ठरवून ठेवलाय. इथलाच आहे, अनुभवी. म्हातारीनं आता आराम करावा."

कोचचे कान तापले, पण देल्फीन गोड हसली. "शनिवारी बाहेर मोठी रांग लागत असेल तुमच्याकडे?"

"रांग? ते जुन्या लोकांचं. आमच्याकडे फोनवर नाव द्यायचं, मनगटाला पट्टी बांधायची, आत यायचं. दारात काही ठेवतच नाही मी."

"आणि कॉटन स्ट्रीटवर ओळखीचं कोण आहे?"

"तिथे राहतं कोण? म्हाताऱ्या आणि कबुतरं. या शहरात आल्याला चौदा महिने झाले, मी तिथे कुणाशी बोललेलो नाही."

गाडीत बसल्यावर कोचनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "हाच! फायदा याचाच आहे."

"फायदा याचाच आहे," देल्फीन म्हणाली. "पण म्हणून हात याचाच कसा असेल, कोच?"

शेवटी ते हेरनला गेले. खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या, भिंतींवरचे फोटो खोक्यांत गेले होते. मॅनेजर रॉस्को बर्डेट बाह्या दुमडून सामान बांधत होता. कोच आतल्या दालनात एका कमरेएवढ्या, सुट्या पितळी खांबाला टेकले. लाल मखमली दोर लावून शनिवारची रांग अडवायचे हे खांब. त्याच्या जाड बुडाशी पांढरे ठिपके वाळले होते. 'कबुतरांची कृपा,' असे मनाशी म्हणत कोच जरा बाजूला सरकले.

रॉस्कोने गोड गार चहा आणून दिला. "बावीस वर्षं झाली मला इथे. दार मी उघडतो, भांडणं मी मिटवतो, बँड मी ठरवतो. पण काय आहे, लायसन्सवर नाव एकट्या मिस ऑर्लीनचंच."

"तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी कुठे होतास?"

"मंगळवारी क्लब बंद असतो. घरी झोपलो होतो."

"शुक्रवारी मिस युलाली येतात ना माशांना?"

"न चुकता!" तो मनापासून हसला. "कॅटफिशचा शेपटीकडचा तुकडा त्यांच्यासाठी काढून ठेवावा लागतो, नाहीतर माझी धडगत नाही."

मिस ऑर्लीन खोके घेऊन जाता जाता थांबल्या. "रॉस्को नसता तर मी केव्हाच बुडाले असते," त्या म्हणाल्या.

देल्फीनने चहा तसाच ठेवला. संध्याकाळभर ती रस्ते खात्याशी फोनवर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिने सगळ्यांना कॉटन स्ट्रीटवर बोलावले. मिस ऑर्लीन, रॉस्को, रेव्हरंड, मिस युलाली आणि चाकासकट मिस्टर डुप्ले. केसलरने मात्र वेळ नाही म्हणून कळवले.

"मिस्टर डुप्ले," तिने सुरुवात केली, "तुम्ही प्रामाणिकपणे मोजलंत, फक्त पट्ट्यांवर विश्वास ठेवलात. हे पट्टे शहराचे नाहीतच."

डुप्लेंच्या हातून चाक सुटता सुटता राहिले.

"शहरानं नवे पट्टे मारले की दोन्ही काठांना ट्रॉली आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार करावाच लागतो, आणि गाड्यांना दिसेल अशी पाटी. कोपऱ्यावर दोन्ही आहेत. इथे एकही नाही. रस्ते खात्यानं लेखी कळवलंय, दोन वर्षांत या रस्त्यावर त्यांनी ब्रशसुद्धा टेकवलेला नाही. पट्टे खोटे, म्हणजे दोनशे फूटही खोटे. तीनशेचाळीस खरे."

मिस ऑर्लीननी डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. पण लगेच त्यांनी विचारले, "कुणी मारले?"

"पट्ट्यांनी वाट बदलते हे तिघांना माहीत होतं. केसलर, रेव्हरंड आणि रॉस्को. आता रंगवणारा काय म्हणाला? 'जपून, मिस युलाली.' तो यांना नावानं ओळखत होता. केसलर या रस्त्यावर कुणाला ओळखत नाही, आणि त्यानं बाहेरून आणलेला माणूसही ओळखणार नाही."

"मग रेव्हरंड?" कोचच्या तोंडून निसटले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, कोच. रेव्हरंड किंवा त्यांच्या चर्चचा कुणी असता, तर तोंडातून 'सिस्टर युलाली' आलं असतं. 'मिस' म्हणणारा माणूस त्यांना रविवारी नाही, शुक्रवारी भेटतो. शिवाय त्यानं रस्ता अडवला तो जाड मऊ लाल दोरानं. रस्ते खातं प्लास्टिकचे शंकू लावतं. केसलर दारात काहीच ठेवत नाही. लाल दोराचे खांब हेरनमध्ये आहेत, आणि त्यांच्या बुडाशी पांढरा रंग सांडलाय."

"अरे देवा," कोच पुटपुटले. "मी तर कबुतरं समजलो."

"छताखाली, बंद दालनात, कोच?"

रेव्हरंडना हसू आले, पण कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनी ते आवरले. सगळे रॉस्कोकडे बघत होते. तो पट्ट्यांकडे बघत होता.

"पत्रही मीच टाकलं. केसलर त्याच्या लायसन्सवर जोडीनं माझं नाव घालतो म्हणाला," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तुमच्याकडेही मागितलं होतं, मिस ऑर्लीन. जागा बदलायचे कागद भरताना. म्हटलं, बावीस वर्षं झाली, माझंही नाव घाला. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू."

"म्हणाले होते," मिस ऑर्लीन म्हणाल्या. "तू मागितलंस आणि मी नीट ऐकलंही नाही. ती माझी चूक, आणि ती मी चारचौघांत कबूल करते. आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्या पाठीत सुरा खुपसलास, ते मी सोसेन." त्यांनी मिस युलालीचा हात धरला. "पण ही बाई तुझ्या रंगावर भरवसा ठेवून तीन आठवडे ट्रकांच्या पुढे उतरतेय. जिच्यासाठी तू माशाचा तुकडा काढून ठेवतोस, ती! तिचा विचार नाही आला?"

रॉस्कोचा चेहरा उतरला. "खरंच नाही आला," तो म्हणाला. त्या क्षणी तो खरे बोलतोय याबद्दल कोचना शंका वाटली नाही, आणि म्हणूनच त्यांना त्याचा जास्त राग आला.

"हे पट्टे खरवडायला गाडी कधी येणार?" मिस ऑर्लीननी विचारले.

"पाचला," देल्फीन म्हणाली.

"तोवर लोक यावरूनच ओलांडणार. गाड्या कोण थांबवणार?"

कुणी काही बोलायच्या आत रॉस्को पदपथावरून खाली उतरला. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या डिलिव्हरी व्हॅनपुढे त्याने दोन्ही हात पसरले. ब्रेक करकरले. चालवणाऱ्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"पाचपर्यंत," मिस ऑर्लीन म्हणाल्या. "आणि मग चौकीवर जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं." त्यांनी घड्याळ पाहिले. "चला, दोनला मला नगरसभेत पोचायचंय."

सभेत रेव्हरंड उभे राहिले आणि म्हणाल्याप्रमाणे विरोधात बोलले. मग त्याच श्वासात म्हणाले, अंतर मात्र तीनशेचाळीसच आहे, आणि ज्याने ते कमी केले त्याने माझ्या चर्चचे नाव आडोशाला वापरले. केसलर मागच्या रांगेत बसला होता. मत घेण्याआधीच तो उठून गेला. चार विरुद्ध एक मतांनी 'सिल्व्हर हेरन' कॉटन स्ट्रीटवर आला. मिस ऑर्लीननी शिक्का मारलेला कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि गाडीत बसल्यावर पोटभर रडून घेतले. कोचनी गाडी मुद्दाम सावकाश चालवली.

साडेचारला ते चर्चसमोर उतरले. नवे दार रस्त्याच्या पलीकडे होते. रॉस्को अजून रस्त्यात उभा होता. सदरा पाठीला चिकटला होता, मान उन्हाने लाल झाली होती. मिस ऑर्लीनना पाहताच त्याने एक बस हात वर करून थांबवली, मग दुसऱ्या बाजूची गाडी.

"या, मिस ऑर्लीन," तो म्हणाला. "रस्ता मोकळा आहे."

त्या काठावर थांबल्या. बावीस वर्षे या माणसाने त्यांच्यासाठी दारे उघडली होती. कोचना वाटले, आता उतरतील. बसमधले लोकही खिडक्यांतून बघत होते.

मिस ऑर्लीननी पर्स काखेत घट्ट धरली आणि त्या पदपथावरून कोपऱ्याकडे चालू लागल्या. तिथे सिग्नल हिरवा होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग रस्ता ओलांडून, पलीकडून परत मागे येऊन, त्यांनी आपल्या नव्या दाराचे कुलूप उघडले.