तीनशे दहा वॅट

सकाळचे अकरा पंचवीस झाले होते. शिलादाब प्रयोगशाळेतला खाणीचा फोन वाजला तेव्हा मंदाकिनी झाडे डबा आत्ताच उघडावा की अर्धा तास थांबावं, या विचारात होत्या. प्रयोगशाळा म्हणजे कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी बांधलेली एक लांबट खोली. आत दोन टेबलं, एक संगणक आणि भिंतीवर एक दिवा. तो दिवा हिरवा असला की खाणीचं छत सुरक्षित. लाल झाला की सगळ्यांनी कामं टाकून वर यायचं. तसाच एक दिवा खाली, जिथं माणसं काम करत, तिथंही होता.

"मॅडम, मडावी बोलतो." तुळशीराम मडावी सकाळपाळीचा ओव्हरमन. जमिनीखाली दोनशे मीटरवर आज त्याच्या हाताखाली एक्केचाळीस माणसं होती. "दिवा कोणता हाये तुमच्याकडं?"

"हिरवा. तुझ्याकडे?"

"हिरवाच. पण छत सकाळपासून कडकड बोलून राह्यलं."

"किती बोलतंय?"

"माह्या सासूएवढं. मधात श्वासच घेत नाई." मडावी हसला, पण ते हसू लवकर संपलं. "तुमचा दिवा म्हणते तर ठीकच असन म्हणा. सहज इचारलं."

फोन ठेवल्यावर मंदाकिनीबाईंची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं बारीक अक्षरांत एक ओळ असे. ती त्यांनी स्वतःच घालून घेतली होती आणि कित्येक महिन्यांत वाचली नव्हती. 'शेवटचं पूर्ण गणित : ९.४०'.

"डाहुले, हे घड्याळ अडकलंय का हो?"

प्रभाकर डाहुले खाणीचे संगणक सांभाळत. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठलंही यंत्र पुसल्याशिवाय उघडलं नव्हतं. ते जवळ आले, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"घड्याळ कायले अडकते मॅडम. गणित अडकलं."

इथं थोडं थांबून ते गणित काय होतं, हे समजून घ्यायला हवं. खाणीचं छत एकदम कोसळत नाही. आधी त्याच्या पोटात बारीक बारीक तडे जातात आणि प्रत्येक तडा जाताना एक सूक्ष्म कंप उठतो. माणसाच्या कानाला त्यातले फार थोडे ऐकू येतात. म्हणून छतात दोनशे बारा कंपटिपे बसवले होते. दर पाच मिनिटांनी त्यांची टिपणं वर येत. संगणक मनातल्या मनात छताचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनावर किती भार आहे ते काढी. जिथं तडे जास्त, तिथले चौकोन तो आणखी बारीक करी. म्हणजे छत शांत असेल तर गणित थोडं. छत फुटायला लागलं की गणित अफाट. एवढी एकच गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

संगणक कंपनीनं तयार जोडून दिलेला होता. त्यातलं ग्राफिक्स कार्ड छोटं, पडद्यावर चित्र उमटवण्यापुरतं. त्याच्या जोरावर मोठेमोठे, ढोबळ चौकोनच मोजता येत. महिन्यातून तीन-चार वेळा लाल दिवा लागे, पाळी वर येई, आणि दर वेळी छत पडेच असं नाही. आठ महिन्यांपूर्वी मंदाकिनीबाईंनी बारीक चौकोन मोजता यावेत म्हणून मोठं कार्ड मागवून घेतलं. डाहुल्यांनी संगणकाची पेटी उघडली, वितीनं लांबी मोजली, आतला एक पत्रा काढून कार्ड बसवलं. कार्डाला विजेची वेगळी वायर लागत होती, ती पेटीत नव्हती. त्यांनी दुसऱ्या दोन वायरींमधून जोड काढला. आत वीज पुरवणारा डबा मात्र कंपनीचाच राहिला, तीनशे दहा वॅटचा. त्याचा आकार आणि पिना फक्त त्या कंपनीच्याच. बाजारातला मोठा डबा तिथं बसेना.

चाचणी त्यांनी रविवारी घेतली. एरवी संगणक बंद ठेवता येत नसे, आणि रविवारी खाणीला सुटी. खाण शांत, छत शांत. मीटरवर दोनशे वीस वॅट दिसले. नव्वद वॅट शिल्लक! डाहुल्यांनी पेढे आणले.

मंगळवारी संगणक आपोआप बंद पडला. गुरुवारी पुन्हा. संगणक पडला की दिवा विझे, आणि दिवा विझला की माणसांनी वर यायचं, हा त्या खाणीचा जुना रिवाज. दोन पाळ्या वाया गेल्या. व्यवस्थापक रणदिवे साहेब लाल झाले. तेव्हा एकाच दुपारी दोन उपाय झाले. डाहुल्यांनी कार्डावर वीजमर्यादा घातली. कितीही काम आलं तरी त्यानं साठ टक्क्यांच्या वर वीज ओढायची नाही. आणि मंदाकिनीबाईंनी दिव्याला शिकवलं, की नवं उत्तर येईपर्यंत जुनाच रंग धरून ठेव.

त्यानंतर संगणक एकदाही पडला नव्हता. लाल दिवाही एकदाही लागला नव्हता.

मंदाकिनीबाईंनी कागद ओढला. चार ओळींचं गणित केलं, पुन्हा करून पाहिलं, आणि रणदिवे साहेबांना फोन लावला.

"साहेब, पाळी वर घ्या. आत्ताच्या आत्ता."

रणदिवे अंगण ओलांडून आले ते दारातच थांबले. पुण्याकडचे, नेमस्त गृहस्थ. त्यांनी आधी दिवा पाहिला.

"अहो बाई, हिरवा आहे की!"

"तो नऊ चाळीसचा हिरवा आहे. त्यानंतर एकही गणित पुरं झालेलं नाही."

"म्हणजे काय? नवं कार्ड शंभर पट वेगवान, असं तुम्हीच अहवालात लिहिलंत."

"लिहिलं. बसा, दोन मिनिटांत सांगते." पण त्या स्वतः उभ्याच राहिल्या. "कपाशीत निंदणाला बाया लावतात ना, तसं समजा. जुन्या कार्डात दोन बाया होत्या, नव्यात दोनशे. प्रत्येकीला एकेक तास, म्हणजे कपाशीची एकेक ओळ, वाटून दिलं की शेत भराभर साफ होतं. पण शिदोरी पुरवणारा आपला जुनाच माणूस आहे. त्याच्या टोपलीत भाकरी ठरलेल्या. गवत विरळ असेल तर बायांना भूक लागत नाही, सगळं छान चालतं. गवत दाट झालं की भूक वाढते, टोपली रिकामी होते आणि काम ठप्प. ते मंगळवारी झालं, गुरुवारी झालं."

"म्हणून तर मर्यादा घातलीत ना?"

"हो. आम्ही बायांना सांगितलं, कमी खा आणि हळू काम करा. आता त्या कोसळत नाहीत. पण दर पाच मिनिटांनी खालून नवी टिपणं येतात, आणि तोवर जुनं गणित पुरं झालं नसेल तर ते टाकून नवं सुरू होतं. गवत दाट असेल तर शेत पुरं होतच नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात."

"मग थोडा वेळ थांबू. कधीतरी पुरं होईलच."

"नाही होणार साहेब." मंदाकिनीबाईंनी कागद पुढे केला. "एवढ्या विजेत पाच मिनिटांत जास्तीत जास्त ऐंशी लाख चौकोन मोजून होतात. लाल उत्तर येण्यासाठी छत इतकं तडकलेलं असावं लागतं, की चौकोन किमान सव्वा कोटी होतात. सांगा आता. या पेटीला लाल म्हणता येईल का?"

रणदिव्यांनी कागद हातात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"आठ महिने..." ते म्हणाले.

"आठ महिने आपल्याला वाटलं, कार्ड आलं आणि छत शहाणं झालं. पेटीला फक्त हिरवंच म्हणता येत होतं."

"पण हा तुमचा तर्क झाला, झाडे बाई. नियम काय आहे? लाल असेल तरच पाळी वर. उद्या वरच्या कार्यालयानं विचारलं तर काय, ओव्हरमनची सासू बोलत होती असं सांगू?"

ही सासू इथवर कशी पोहोचली हे विचारायला वेळ नव्हता. खाणीच्या फोनवर सगळेच ऐकत.

"तर्क आहे ना? मग तपासू. एक मिनिट द्या. डाहुले मर्यादा काढतील. मी आधीच सांगते काय होईल. छत शांत असेल तर पेटी नीट चालेल, ताजं हिरवं उत्तर येईल, आणि मी तुम्हाला लेखी माफीनामा देईन. छत फुटत असेल तर कार्ड तीनशे दहाच्या वर मागेल आणि पडदा काळा होईल."

"काढा," रणदिवे म्हणाले.

डाहुल्यांचा हात आज यंत्र न पुसताच पुढे गेला. "मॅडम, पडनच हे."

"पडू दे."

पंख्याचा आवाज चढला. मीटरवरचे आकडे तिघंही पाहत होते. दोनशे चाळीस. दोनशे सत्तर. दोनशे अठ्ठ्याण्णव. तिथं ते क्षणभर रेंगाळले, आणि रणदिव्यांनी श्वास सोडला. तीनशे सहा. तीनशे बारा.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. खोलीत इतकी शांतता झाली, की बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली ते ऐकू आलं. भिंतीवरचा दिवा हिरवाच होता.

"बंद पडलं तुमचं यंत्र," रणदिवे हळूच म्हणाले.

"नाही साहेब. आठ महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललं."

रणदिव्यांनी दिव्याकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं, आणि खाणीचा फोन स्वतःच उचलला. "मडावी, सगळे वर या."

"साहेब, इथं तर हिरवा हाये."

"हिरवा राहू दे तिथंच. तुम्ही या!"

उताराची वाट चढून यायला पंचवीस मिनिटं लागतात. रणदिवे खाणीच्या तोंडाशी उभे राहून एकेकाचं नाव घेत होते. मंदाकिनीबाई त्यांच्या मागे होत्या. त्यांना नावं ऐकू येत नव्हती, फक्त किती आले तेवढंच त्या ओठांत पुटपुटत होत्या. एक्केचाळिसावा माणूस बाहेर आला तेव्हा मडावी अजून दिसत नव्हता. मग त्याची टोपी दिसली. "हातोडा राह्यला खाली," तो म्हणाला.

त्याला उत्तर द्यायला कुणी तोंड उघडायच्या आत पायांखालची जमीन एकदा दबली आणि उतारातून काळा वारा आला. तो बराच वेळ येत राहिला. कुणी पळालं नाही. सगळे तोंडावर पंचे धरून तसेच उभे राहिले, आणि हातोड्याची आठवण पुन्हा कुणी काढली नाही.

मंदाकिनीबाई प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा डाहुले संगणकासमोर बसले होते. वीज तुटली की पेटी आपोआप पुन्हा सुरू होई, तशी ती झाली होती. पंखा अगदी मऊ वाजत होता.

"मॅडम, दोनशे बारापैकी नऊ कंपटिपे उरले. तोंडाजवळचे. बाकी दबले."

छत उरलं नव्हतं, म्हणून तडे नव्हते. तडे नव्हते, म्हणून गणित थोडं होतं. पेटीनं ते अकरा सेकंदांत, कुठेही न अडखळता, पूर्ण केलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात ताजी वेळ होती, बारा सव्वीस. दिवा हिरवा होता, आणि या वेळी तो जुना रंग नव्हता.

टेबलावरचा दुसरा फोन वाजला. मुख्य कार्यालयातून नियंत्रण अधिकारी बोलत होते. आवाज तरुण आणि त्रासलेला.

"झाडे मॅडम, पाळी का थांबवलीत? तुमचा दिवा तर हिरवा आहे."

"छत पडलंय. माणसं वाचली." त्यांना आपलाच आवाज लांबून येतोय असं वाटलं. "एक सांगा, आमच्यासारखं कार्ड आणखी कुठे बसवलंय?"

"म्हणजे काय! तुमचा अहवाल आल्यावर चौदाही खाणींत बसवलं. तेच कार्ड, तीच मर्यादा, दिव्याची तीच व्यवस्था. तेव्हापासून एकदाही लाल नाही. आत्ताही चौदाच्या चौदा हिरव्या दिसताहेत, तुमची धरून."

"पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत वेळ असते. शेवटच्या पूर्ण गणिताची. प्रत्येक खाणीची ती वाचून दाखवा मला. लगेच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कळफलकाची टकटक ऐकू आली.

"वेळ इथं येत नाही मॅडम," तो म्हणाला. "इथं फक्त रंग येतो."