बाराचं निवेदन

कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत, आणि ती हयात कशी राहिली हेच तर तुम्हाला सांगायचंय.

एकाहत्तर साल, फाल्गुनातली दुपार. मी काट्यावरच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन कचेरीकडे निघाले होते. काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायची जागा. महिनाभरापूर्वीपर्यंत माझं काम वेगळं होतं. कारखान्याचा स्वतःचा एक छोटा रेडिओ होता, तारेवरचा. कचेरीशेजारच्या खोलीत एक माईक, आणि तिथून निघालेल्या तारा वसाहतीत आणि आसपासच्या नऊ वाड्यांवर, खांबांवरच्या कर्ण्यांपर्यंत गेलेल्या. सहा वर्षं त्या कर्ण्यांतून मी बोलत होते. कालव्याच्या पाण्याची पाळी, संगमनेरचे बाजारभाव, कुणाची म्हैस हरवली, कुणाकडे बारसं आहे, कोण गेलं. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, आवाज खणखणीत. लोक मला तोंडावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखायचे.

मग पुण्याहून टेपचं मशीन आलं. घड्याळ लावून ठेवलं की ठरल्या वेळी आपोआप बोलणारं. आमचे कचेरीप्रमुख श्रीमंतराव. त्यांनी आठवडाभर समोर बसवून माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. वारांची नावं, वाड्यांची नावं, भावांचे आकडे, ‘नमस्कार’, ‘बारा वाजले आहेत’; त्यांचे तुकडे जोडून रोजची टेप करायची. निधनाच्या बातम्या मात्र त्यांनी बंदच केल्या. रोज कोण मेलं ते मशीनला कुठून कळणार? शेवटच्या दिवशी म्हणाले, “मार्थाबाई, तुमचा आवाज आमच्याकडे राहिला. आता तुम्ही काट्यावर जा.”

गेले. काट्यावर बसून दिवसातून चारदा स्वतःचाच आवाज ऐकायचा. पहिले काही दिवस नुसतं वाईट वाटलं. मग एक गोष्ट खुपायला लागली. ‘नमस्कार’ झाल्यावर कर्ण्यातली बाई एक श्वास घ्यायची. लांब, खोल, विहिरीतून वर आल्यासारखा. मी रेकॉर्डिंगला तसा श्वास घेतला नव्हता.

त्या दुपारी वारा पडला होता. मळीचा, साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाचा, आंबूस, जड वास अंगाला चिकटत होता. वाटेत मला तोडणीवाल्या बायकांची टोळी भेटली. खर्ड्याकडच्या अकराजणी. भाकरीची फडकी घेऊन मळीच्या टाकीकडे चालल्या होत्या. दोन मजली लोखंडी टाकी ती, दुपारची सावली तेवढीच. छबूबाई त्यांची मुकादमीण. “येता का भाकर खायला?” म्हणाली. मी पावत्या दाखवल्या आणि पुढे झाले.

बारा वाजले. कर्णा खरखरला.

“नमस्कार. बारा वाजले आहेत.”

मग तो श्वास. आणि मग…

“कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आज सोमवार, दिनांक पंधरा मार्च रोजी दुपारी मळीच्या टाकीखाली सापडून…”

मी जागच्या जागी थांबले. वार मी रेकॉर्ड केले होते. महिन्याचं नाव एकही नाही.

“…छबूबाई… भागूबाई… कडूबाई… चांगुणा…”

माझाच आवाज. शांत, स्वच्छ, एकेका नावानंतर नेमका तेवढाच थांबणारा.

पावत्या तिथंच पडल्या. मी पळत सुटले. खोलीच्या दारात श्रीमंतराव उभे.

“मशीन चालू आहे. हात लावायचा नाही.”

“तुम्ही ऐकलं नाही?”

“काय ऐकायचं? रोजचंच तर चाललंय.”

आणि खरंच, आत टेपची चाकं फिरत होती आणि मशीनमधून माझा आवाज गुळाचे भाव सांगत होता. पण उघड्या खिडकीतून, बाहेरच्या खांबावरून, तोच आवाज त्याच वेळी म्हणाला, “…राहीबाई…”

श्रीमंतरावांनी खिडकीकडे पाहिलं, मग मशीनकडे. त्यांचा चेहरा उतरला. दारातून ते आपणहून बाजूला झाले.

मी मशीनची वायर उपटली. माईक जोडला. खटका दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

“छबूबाई, मी मार्था बोलतेय. ही टेप नाही. भाकरी तिथंच टाका आणि उठा. चांगुणा, राहीबाईचा हात धर, तिला लवकर उठता येत नाही. कडूबाई, मागं बघू नको. टाकीपासून लांब पळा. सडकेच्या भरावावर चढा…”

त्या खोलीतून टाकी दिसत नाही. माईकला उत्तर येत नाही. कुणी ऐकलं का, कुणी उठलं का, काही कळायला मार्ग नव्हता. मी तीच नावं पुन्हापुन्हा घेत राहिले.

मग ओलं धोतर टर्रकन फाटावं तसा आवाज झाला आणि पायाखालची फरशी हलली.

मी धावले. टाकी उभी उसवली होती. काळी, वाफाळती मळी कमरेइतकी उंच होऊन सावलीच्या जागेवरून पुढं सरकत होती, आणि तिच्यावर भाकरीची फडकी तरंगत होती. मी भरावाकडे पाहिलं. मोजलं. पुन्हा मोजलं.

अकरा.

छबूबाईच्या हातात अजून अर्धी भाकरी होती. ती म्हणाली, “आदी आमाला मारलंस तवा आमी हसलो. म्हनलं, मशीन बिगाडलं जनू. पर मागनं तुजा आवाज थरथरला, तवा उठलो. मशीनचा कदी थरथरत न्हाई.”

दुपारीच त्या अकराजणी चेअरमन आप्पासाहेबांपुढे उभ्या राहिल्या. छबूबाईने कोयता त्यांच्या टेबलावर ठेवला. “आजपसनं आमचे कोयते खाली. मार्थाबाई माईकवर बसंल तवा उचलू.”

आप्पासाहेब श्रीमंतरावांना म्हणाले, “मशीन पुण्याला परत धाडा.”

टेप त्यांनी आधी तीन वेळा ऐकून पाहिली. गुळाचे भाव होते. बाकी काही नाही.

संध्याकाळी सहाला मी माईकसमोर बसले. पाण्याची पाळी नाही, भाव नाहीत. फक्त म्हणाले, “कळविण्यास अत्यंत आनंद होतो की पुढील बाया सुखरूप आहेत,” आणि एकेक नाव घेतलं. पहिल्या नावाला बाहेरून ‘ओ’ आली. दुसऱ्याला वसाहतभर. पाचव्या नावाला उसाच्या फडांवरून, लांबच्या वाड्यांवरून, खांबाखांबाशी जमलेली माणसं ओ देत होती. अकरा नावांना अकरा वेळा. सहा वर्षं मी बोलत होते. लोकांनी मला उत्तर दिलं ते त्या दिवशी. मी माईकवर रडले, आणि तेही नऊ वाड्यांना ऐकू गेलं. मला लाज वाटली नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची माझीच राहिली.

आता एवढंच सांगायचं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी, आमचा रेडिओ बंद असताना मी चर्चमधून सायकलवर घरी चालले होते. वाटेत सहादेव नावाच्या शेतकऱ्याची वस्ती, आडबाजूला, माळावर. तिथं खांब नाही, कर्णा नाही; आमची तार तिथपर्यंत कधी गेलेलीच नव्हती. सहादेव वाटेवर येऊन उभा राहिला.

“बाई, आज बाराला गेलेल्यांत आमच्या मनकर्णेचं नाव का वं घेतलं? ती तर हितंच हाय.”

मनकर्णा, त्याची बायको, लिंबाखाली शेळीचं दूध काढत बसली होती. मी सायकल टाकली, जाऊन तिला हाताला धरून उठवलं.

“काय झालं, बाई?”

“काही नाही,” मी म्हणाले. “चल. आपण जरा उन्हात बसू.”