मेलेल्या सिंधूचं रक्त

रवी खासगी गुप्तहेर यशश्रीच्या ऑफिसात आला तेव्हा बाहेर कडक ऊन होतं. तो रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होता.

"मॅडम, निफाडची सिंधू वाल्मीक बोरस्ते एकवीस साली स्तनाच्या कॅन्सरनं गेली. वय चौतीस. मागच्या आठवड्यात तिथल्या कॅन्सर तपासणी शिबिरातून तिच्या नावाचं रक्त पुन्हा आलंय. वय एकोणतीस! आणि बिघाड तंतोतंत तोच."

"कसला बिघाड?" यशश्रीचे मदतनीस, निवृत्त ग्रंथपाल बाळाजी यांनी भीत भीत विचारलं.

"काका, पेशीतला डीएनए रोज हजारो ठिकाणी उसवतो. पेशी ते हेरून शिवते. हिचा शिवणारा एक हात जन्मतःच, वारशानं अधू आहे. उसवण साचत गेली की कॅन्सर." रवीनं रिपोर्ट पुढे सरकवला. "फोन नंबर खोटा निघाला. ही जिवंत असेल तर तिला कळायला हवं."

दुपारी यशश्री आणि बाळाजी निफाडला बोरस्त्यांच्या घरी पोचले. ओसरीवर सिंधूचा हार घातलेला फोटो होता.

"तिला जाऊन चार वर्षं झाली," तिचा नवरा वाल्मीक तुटकपणे म्हणाला. "आता कोण रक्त देतंय?"

"भुताटकी हाय!" त्याची आई लंकाबाई म्हणाली. "धाकटे, पाणी आण गं."

आतून फोटोतलीच बाई तांब्या घेऊन आली. बाळाजी फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघू लागले.

"मी निकिता. शिबिराला मी गेलेच नाय," ती विचारण्याआधीच म्हणाली.

यशश्रीनं तांब्या फिरवून कोरलेली अक्षरं वाचली : सौ. सिंधू वाल्मीक बोरस्ते, १८ मे २०२३.

"मेल्यावर दोन वर्षांनी?" बाळाजी पुटपुटले.

"भुतांना आहेर होत नाही, काका," यशश्री म्हणाली. "हा आहेर वाल्मीकच्या दुसऱ्या लग्नातला. तेव्हा नव्या सुनेला पहिलीचंच नाव ठेवलं, पण हाक मारायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून 'धाकटी'. चेहरा तोच, बिघाड तोच, वय लहान : सख्खी बहीण. शिबिरात हिनं मुद्दाम सासरचं नाव दिलं. मेलेल्या बाईला शोधत कोण येणार? आणि निकिता, शिबिराचं मी तुला विचारलंच नव्हतं."

निकिता म्हणाली, "ताईचाच रोग निघाला अन् इथं कळलं तर माहेरी धाडतील, वाटलं."

"तुला कॅन्सर झालाय असं नाही," यशश्री म्हणाली. " पण तपासण्या लगेच सुरू व्हायला हव्यात."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"थोरलीला गाठ लागली, तवा मीच म्हणले, द्राक्षं उतरू दे, मग जाऊ दवाखान्यात." त्या उठल्या. "वाल्मीक, गाडी काढ. मी पण येते."

"आई, उद्या द्राक्षांचा माल तोडायचाय."

"सडू दे."