घमेल्यातला विस्तव

जगातली सगळी थोर प्रेमं अग्नीच्या साक्षीनं जन्माला येतात. बिराप्पा आणि सुलाचंही तसंच झालं. फक्त तो अग्नी घमेल्यात होता, घमेलं सुलाच्या आईचं होतं, आणि ते तिला न विचारता उचललेलं होतं.

साल त्रेचाळीस. तिकडं लढाई पेटली होती, त्यामुळं इकडं काहीच पेटत नव्हतं. रॉकेल मिळत नव्हतं, काड्यापेटी मिळत नव्हती आणि पेट्रोल तर सगळं पलटणीत भरती झालेलं. म्हणून सांगलीच्या एका व्यापाऱ्याची लॉरी कोळशावर चालायची. तिच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी बांधली होती. भट्टीत कोळसा भरायचा, खालून विस्तव घालायचा, अर्धा तास पंख्याची दांडी फिरवायची, मग भट्टीला लहर आली तर इंजिन सुरू व्हायचं. लहर नाही आली, तर आणखी अर्धा तास.

ही लॉरी दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, गूळ आणि हळद घेऊन म्हसवडला यायची. गावाबाहेरच्या लिंबाखाली रात्रीचा मुक्काम करायची आणि पहाटे घोंगड्यांचे गठ्ठे घेऊन सांगलीला परतायची. लिंबासमोर सुलाचं घर होतं.

माघातली पहाट. थंडी अशी की कोंबडासुद्धा एकदाच आरवून पुन्हा अंग चोरून बसलेला. सुलानं चूल पेटवली, दार उघडलं, तर समोर धुक्यात दोन डोळे आणि दातांची एक रांग. बाकीचा माणूस दिसतच नव्हता.

"आवं बाई," दात म्हणाले, "जरा इस्तू मिळंल का?"

सुला दचकली, पण दचकल्याचं कुणाला दाखवायची तिला सवय नव्हती.

"आदी त्वांड धुऊन या. मानूस हाय का कोळसा, कळंना."

"मानूसच हाय. धुतलं तरी लय फरक पडत न्हाई."

तिला हसू आलं. ते लपवायला ती वाकली आणि दाराशी पडलेल्या घमेल्यात चुलीतले चार इंगळ ओढून दिले. घमेलं घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली असं सुलाला नंतर पुष्कळ दिवस वाटत होतं. खरं म्हणजे घमेलं इतकं तापलं होतं, की त्या वेळी दोघांनाही दुसरं काही लागणं शक्य नव्हतं.

लॉरी गेली. तिच्याबरोबर घमेलंही गेलं.

"शेन काय पदरात काढू?" सुलाची आई बयाबाई दिवसभर विचारत होती.

पुढच्या आठवड्यात दात पुन्हा हजर झाले. या वेळी घमेलं हातात होतं.

"आनलं बगा."

"लय उपकार झालं. ठिवा तितं."

"ठिवतो की. पन मग इस्तू कशात नेऊ?"

असा तो व्यवहार सुरू झाला. घमेलं सहा दिवस मुलूखगिरी करायचं आणि आठवड्यातनं एक रात्र घरी मुक्कामाला यायचं. बिराप्पाला दुसरं भांडं मिळत नव्हतं असं नाही. पण ज्याच्यामुळं परत यावं लागतं असं भांडं त्याच्याकडं हे एकच होतं.

बिराप्पा जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला. उस्ताद लालासाहेबांच्या हाताखाली तो ड्रायव्हरकी शिकत होता. लालासाहेब मागल्या लढाईत बसऱ्याला लॉरी हाकून आलेले. शिकवण्याची त्यांची रीत साधी होती : पहिलं वर्ष शिकाऊ गड्यानं स्टेअरिंगकडं नुसतं बघायचं. चढावर लॉरी थांबली की उडी टाकून चाकाला लाकडाची उटी लावायची, पाणी भरायचं, कोळसा फोडायचा, पंखा फिरवायचा आणि शिव्या ऐकायच्या. दुसऱ्या वर्षी स्टेअरिंग हातात मिळायचं. शिव्या त्याच राहायच्या.

स्टेअरिंग मिळालं त्याच दिवशी विट्याच्या अलीकडं रस्त्यात मेंढरं आडवी आली. बिराप्पानं ब्रेक दाबायचा. पण सात पिढ्यांचं रक्त, त्यानं दार उघडून खाली उडी मारली, "हुर्र... ट्रर्र..." करत मेंढरं शिस्तीत डावीकडं घेतली आणि समाधानानं मागं वळून पाहिलं. लॉरी उजवीकडं जोंधळ्यात गेली होती. वरून लालासाहेब ओरडत होते, "आरं बिऱ्या, मेंढरांना चार पाय हाईत, ती जात्यात! हिला हाकायला बस की रं, गड्या!"

ही हकीकत त्यानं पंखा फिरवता फिरवता सुलाला सांगितली. ती पदर तोंडात कोंबून हसली.

"आनि रातीला झोपता कुटं?" तिनं विचारलं. अगदी सहज. हा प्रश्न तिनं आठवडाभर पाठ केला होता.

"थंडीत पोत्यांवर. गुळाच्या पोत्यावर मुंग्या येत्यात. म्हनून मी हळदीवर झोपतो. सकाळी उटलं की नवरदेवावानी पिवळा."

"मग बरं हाय की. घरचा खर्च वाचला."

"व्हय... नवरी तेवडी ऱ्हायली."

सुलानं लिंबाकडं पाहिलं. त्या झाडात एकाएकी पाहण्यासारखं फार काही निघालं.

मग तोच बोलला, हळू. दांडी फिरवायचं मात्र थांबला नाही.

"पैल्या रातीला भ्या वाटतं. काटक मोडलं तरी उटून बसतो मानूस. मग भ्या जातं आनि घर आठवतं. अव्वाच्या हातची भाकरी, तव्याचा वास... उस्ताद म्हनत्यात, एक दिस ते बी आठवायचं बंद व्हतं. तवा समज, ड्रायव्हर झालास."

"मग, झाला का?"

"न्हाई. आता दुसरंच घर आठवाय लागलंय. लिंबासमोरचं."

भट्टीला नेमकी तेव्हाच लहर आली. इंजिन धडाडलं आणि सुला काय म्हणाली ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ती काहीच म्हणाली नव्हती. पण इंजिनानं तिची लाज राखली.

फाल्गुन लागला तसे लालासाहेब मिशीला तेल लावून बयाबाईच्या ओसरीवर येऊन बसले. मागं बिराप्पा, तोंड धुतलेला. सुलानं त्याला दाराआडून पाहिलं. धुऊनही फार फरक पडला नव्हता, हे त्यानं खरंच सांगितलं होतं. पण जो थोडा पडला होता, तो पुरेसा होता.

"वैनी, पोरगा आपल्यातलाच हाय, तुमच्या समाजातला," लालासाहेब म्हणाले. "म्हैन्याभरात सातारला लायसनची परीक्षा हाय. दारू न्हाई, इडी न्हाई."

"पोरगा चांगला हाय," बयाबाई म्हणाली. "घमेलं बी येळंवर आनतो. पन मी पोरगी त्यालाच देनार, जो रातीला घरी असंल."

बयाबाईचा नवरा कोंडीबा दसऱ्याला मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात उतरायचा, तो मिरगाला परत यायचा. अवघ्या गावाला ते माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि तिनं बोलणं निराळं.

"पंचवीस वर्सं झाली लगनाला," ती चुलीकडं बघत म्हणाली. "आट-आट म्हैनं निजताना दाराला कडी मीच लावती. ह्या पोरीच्या वाट्याला ते नगं."

"मावशी, मी लॉरी सोडतो," बिराप्पा एकदम म्हणाला.

"आनि काय करशीला?"

"मेंढरं राखीन."

बयाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं घाईनं दुरुस्ती केली. "न्हाईतर पलटनीत जातो."

"गप बस, बिऱ्या," लालासाहेब म्हणाले.

दाराआडून सुला बोलली. बोलायचं नव्हतं, पण बोलली. "आई, रोज रातीला घरी असनारा गावात एक नानासो तलाठी. आनि त्याची बायकू सिद्धनाथाला काय मागती? की ह्यो कुटंतरी जाऊ दे."

लालासाहेबांना जोराचा खोकला आला. बयाबाई हसली नाही. "लाडाचं बोलनं पुरं," ती म्हणाली आणि बोलणं तिथंच संपलं. जाताना बिराप्पानं घमेल्याकडं पाहिलं. उचलू का नको, त्याला कळेना. सुलानं पायानं ते हळूच पुढं सरकवलं.

पुढच्या खेपेला लॉरी आली नाही.

दिवस मावळला. बाजारकरी येऊन पोचले. सुला दाराशी तीनदा जाऊन आली. लिंबाखाली नुसतीच सावली, मग तीही गेली. चढावर लॉरी मागं सरकली असंल का? उटी लावायला उडी मारताना पाय... तिनं पुढचा विचार केला नाही. बराच वेळ कूस बदलून ती उठली आणि कडी लावायला गेली, तर आई तिथं आधीच उभी होती. कडीवर हात ठेवून, न लावता.

"असंच व्हतं," बयाबाई हळू म्हणाली. "लावावी का थांबावं, कळत न्हाई."

सुलाला त्या क्षणी आईचं सगळं म्हणणं पटलं. आणि तरीही तिला बिराप्पाच हवा होता. माणसाला एखादी गोष्ट पटणं आणि तिचा उपयोग होणं यांचा संबंध नसतो, तो असा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लॉरीची धडधड ऐकू आली. सुला धावली. बिराप्पा खाली उतरला, धडधाकट, नेहमीसारखा काळा. तिला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

"कुटं व्हता?"

"पलूसच्या रानात. एक मानूस हुडकत व्हतो. रानं लय, मेंढरं लय, दिस गेला."

तेवढ्यात पोत्यांवरनं आणखी कुणीतरी उतरलं. पटका, काठी, आणि मिशीपासून पायाच्या नखापर्यंत हळदीनं पिवळाधमक झालेला. पन्नाशीचा कोंडीबा, भर फाल्गुनात, मिरगाला तीन महिने असताना, स्वतःच्या दारात नवरदेवासारखा उभा होता.

"मेंढरं अर्जुनाच्या हवाली करून आलो," तो बायकोला म्हणाला. अर्जुना म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. "सकाळी हिच्यातच बसून माघारी जायचं हाय. ह्यो पोरगा म्हनला, चला. आट दिसाची वाट, एका दिसात आली गं."

बयाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग तोंडाला पदर लावला, आणि पदराआडून असं हसू फुटलं, की सुलानं आईचं ते हसू जन्मात ऐकलं नव्हतं.

"हळद लागलीया," ती म्हणाली. "आदी आंगूळ करा."

त्या रात्री दाराची कडी कोंडीबानं लावली.

पहाटे विस्तवाचं घमेलं घेऊन बयाबाई स्वतः लिंबाखाली आली. डोक्याला तेल, अंगावर ठेवणीतलं लुगडं. घमेलं तिनं बिराप्पापुढं ठेवलं.

"ही लॉरी पलूसवरनं दर आटवड्याला जाती व्हय?"

"दर आटवड्याला, वैनी," लालासाहेब म्हणाले. व्यापारी एका दिवसाच्या उशिराबद्दल काय बोलणार ते त्यांना ठाऊक होतं. पण चेहरा मात्र पलटणीतला होता.

"मग मेंढरं काय, अर्जुना बी राखतो एकेक रात," बयाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "लायसन घ्या म्हनावं पोराला. पाडव्याला बोलनी करू."

लॉरीत बसलेल्या कोंडीबानं समोरच्या काचेकडं अतिशय बारकाईनं पाहायला सुरुवात केली. बिराप्पा पंख्याची दांडी फिरवायचं विसरला. सुलानं ती हातात घेतली.

"मी रोज रातीला घरी नसनार, सुला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू..."

"म्हाईत हाय."

"मग?"

"घर इसरायचं न्हाई. एवडंच." दांडी दोन वेळा फिरली. "मी कडी लावीन. पन तुमी आला की तुमी लावायची."

दांडीवर तिच्या हाताशेजारी त्याचा काळा हात आला. दोघांनी मिळून पंखा असा फिरवला, की भट्टीला त्या दिवशी दहा मिनिटांतच लहर आली.

लॉरी निघाली. स्टेअरिंगवर बिराप्पा. धूर, धुकं, आणि त्यातनं मागं वळून पाहणारे दोन डोळे. ती चढाला लागली, आणि एकाएकी सुला पदर खोचून मागनं धावत सुटली.

"थांबा! आवं, थांबा की!"

बिराप्पानं ब्रेक दाबला, खाली उडी न मारता. लालासाहेबांनी स्वतः उतरून चाकाला उटी लावली; एवढा मान त्यांनी बसऱ्याला साहेबालाही दिला नव्हता. सुला धापा टाकत खिडकीशी आली. केस सुटलेले, गाल लाल, डोळे भरलेले. कोंडीबानं तोंड फिरवलं. बिराप्पा खिडकीतनं अर्धा बाहेर वाकला.

"काय गं?"

"तेवडं घमेलं," सुला म्हणाली, "ह्या बारीला ठिवून जावा. आईला शेन काडायचंय."