पिवळ्या लोकरीचा माग

“छकुले, थांब! वेढ्यावर वेढा चढला!” महामाया ओरडली.

“मग काय झालं? दोरीवर लोकर गुंडाळायची ना? गुंडाळून तर राह्यली!” आठ वर्षांची छकुली फणकारली.

तानामावशींना हसू आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोहिणखेडमधल्या आपल्या ओट्यावर त्या महामाया, तिचा धाकटा भाऊ नागसेन आणि शेजारच्या छकुलीला हे काम शिकवत होत्या. जाड दोरीवर रंगीत लोकर गुंडाळून वाचनालयाच्या दारासाठी तोरण करायचं होतं.

“हे पाह्य,” मावशी म्हणाल्या, “लोकरीचं टोक आधी दोरीच्या लांबीनं ठेवायचं, मग त्याच्यावरूनच वेढे घ्यायचे. वेढ्याले वेढा खेटला पाह्यजे. आतली दोरी कुठीच दिसू नाही.”

“मावशी, पिवळा गुंडा कुठी गेला?” नागसेननं विचारलं. सकाळी आणलेला अख्खा गुंडा गायब!

ओट्याच्या पायरीवर पिवळा धागा होता. पुढे बाभळीच्या काट्याला आणखी एक! तिघं धावत सुटली आणि थेट सार्वजनिक नळावर पोचली. तिथल्या लोखंडी पाइपावरून मोटारीची वायर गेली होती. तिच्यावर पिवळी लोकर गुंडाळलेली!

“वेढे पाह्य किती लांब लांब! हे आपलं काम नाही,” म्हणत नागसेननं हात पुढे केला.

“हात लावू नको!” महामायानं त्याला मागे ओढलं. वेढ्यांच्या फटींतून तांब्याची तार चमकत होती.

मोटार चालवणारे वामनराव सावलीत बाजेवर पडले होते.

“काका, ही लोकर...” महामायानं विचारलं.

“मीच गुंडाळली. सकाळी वायर उघडी पडली, चिकटपट्टी नव्हती. ओट्यावर लोकर दिसली, आणली. काऊन?”

“पण तार अजून उघडीच हाय! लोकर ओली झाली तर?”

“तू मले शिकवतं का? चार वाजता मोटार लावाची हाय. जा, खेळा!”

पावणेचार वाजले होते! बायका हंडे घेऊन येऊ लागल्या. महामायानं दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं. नागसेन वायरमन चंद्रशेखरदादाच्या घराकडे पळाला.

“काका, पाणी देता का प्यायले?” छकुलीनं गोड आवाजात विचारलं. वामनराव माठाकडे वळले आणि बाजेवरची मोटारीच्या खोलीची किल्ली तिच्या फ्रॉकच्या खिशात गेली!

“पाइपाले कोणी हात लावू नका!” महामाया हात पसरून बायकांसमोर उभी राहिली.

“किल्ली कुठी गेली बे?” वामनराव बाज उलटीपालटी करत होते, तोच फटफटी थांबली. चंद्रशेखरदादानं आधी खांबावरून वीज तोडली, मग लोकर सोडवली. त्याचा चेहरा उतरला.

“तार पाइपाले टेकली हाय, काका! मोटार लागली असती, तर पाइप धरणारं माणूस गेलं असतं.”

वामनरावांनी वळून पाहिलं. रांगेत सगळ्यांत पुढे त्यांची सून सुचिता होती. सातवा महिना लागला होता तिला. रोज त्याच पाइपाला धरून ती हंडा उचलायची.

वामनराव पुढे आले. मग त्यांनी मुलांपुढे हात जोडले. “पोट्टेहो, तुमचे उपकार कसे फेडू? मी ऐकलं नाही तुमचं. चुकलं माझं.”

छकुलीनं गुपचूप किल्ली पुढे केली. सगळे हसले!

नवी वायर बसली, पाणी आलं. “शाबास! केवढी हुशार पोरं!” बायका म्हणू लागल्या.

“शाबासकी तानामावशीले द्या,” महामाया म्हणाली. “त्यायनं वेढे पाहायले शिकवलं नसतं, तर आमचं लक्षच गेलं नसतं.”

सुचितानं हंडा खाली ठेवला. ती ओट्यावर गेली आणि तिनं तानामावशींचे दोन्ही हात हातात घेतले.

“चाळीस वर्षं झाली हे काम करता करता,” मावशी म्हणाल्या. “या कामासाठी या हातायले आज पहिल्यांदा कोणी असं धरलं, बाई.”

आणि त्यांनी सुचिताला जवळ बसवून घेतलं.