तिसरं ताट

"मी एक मानूस मारलाय, सिस्टरबाई. पन कशानं मारला, तेच मला कळंना."

चांगुणाबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. पन्नाशीची बाई. चुलीच्या धगीनं रापलेले हात तिनं मांडीवर उपडे ठेवले होते. शेजारी, ती जिथं स्वयंपाक करायची त्या हॉटेलचा मालक सहादू टोपी हातात घेऊन उभा होता.

जयमाला भिंगारदिवे यांनी चष्मा काढून डोळे चोळले. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर त्यांनी नगरमध्ये सायकलच्या दुकानावर ही खोली भाड्यानं घेतली होती. लग्नाआधीच्या चौकशा, हरवलेली माणसं, अशी तपासाची कामं येत. १९९४ सालच्या फेब्रुवारीतली ही दुपार. जयमालाबाई सकाळपासूनच दमलेल्या होत्या.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

सहादूनं सांगितलं. मुंबईच्या गोदीत आयुष्य काढून तो पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतला आणि धरणाच्या फुगवट्यावर, उंच कड्याच्या टोकाला त्यानं जेवणाचं हॉटेल काढलं. मुक्कामाला दोन खोल्या. खाली नजर पोचेल तिथवर पाणी. म्हणून नाव ठेवलं 'समुद्रदर्शन'.

तीन आठवड्यांपूर्वी तिसगावकडची तिघं मुक्कामाला आली. कानिफनाथअण्णा, एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष; त्यांचा धाकटा भाऊ रविराज, चित्रकलेचा मास्तर; आणि रविराजची बायको माधुरी. संध्याकाळी तिघांसाठी माशांची तीन ताटं गेली. सकाळी रविराज मेलेला होता.

"डॉक्टर वरवर बघून म्हनले, अन्नातनं विषबाधा," चांगुणाबाई म्हणाली. "मासा म्या केला. मसाला म्या वाटला."

"पोलीस?"

"अण्णांनी तक्रारच केली न्हाई. देवमानूस. जाताना मला म्हनले, बाई, तुमच्या हातून चूक झाली, पन मी तुमाला माफ केलंय." तिनं पदर तोंडाला लावला. "तवापास्नं मी चुलीपुढं बसले न्हाई. मला सोडवू नका, सिस्टरबाई. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

दारापाशी उभा असलेला मच्छिंद्र चुकचुकला. हा निवृत्त एसटी ड्रायव्हर जयमालाबाईंची फियाट चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत निकाल देऊन टाकायचा.

"मासा शिळा असणार," तो म्हणाला.

"उरलेला मासा कोणी खाल्ला?" जयमालाबाईंनी विचारलं.

"मी आन् चांगुणाबाईनं," सहादू म्हणाला. "आमाला काय बी झालं न्हाई."

जयमालाबाईंनी मच्छिंद्रकडे पाहिलं. मच्छिंद्र खिडकीबाहेर पाहू लागला.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी फियाट कड्यावर पोचली. हॉटेलच्या दाराला कुलूप होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. दोन्ही खोल्यांना मागे ओटा, ओट्याला लोखंडी कठडा आणि कठड्यापलीकडे सरळ तुटलेला कडा. खाली पाणी संथ, राखाडी.

"तिघं इथंच ओट्यावर जेवले," सहादू म्हणाला. "ताटं मी मांडून आलो. सकाळी घेऊन जा म्हनले."

"ताटं परत कधी आली?"

"सकाळी सात-सव्वासातला दाराबाहेर ठिवलेली हुती," चांगुणाबाई म्हणाली. "मीच घासली. तवा आत काय झालंय ते ठावं न्हवतं."

"ताटांत काय उरलं होतं?"

"दोन ताटांत काटं. लिंबाच्या पिळलेल्या फोडी. भाकरीचा तुकडा."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसरं लख्ख हुतं. काय बी न्हाई."

"काटे?"

"न्हाई."

"लिंबाची फोड?"

चांगुणाबाईनं आठवून मान हलवली. "ती बी न्हाई."

"भुकेला माणूस असतो एकेक," मच्छिंद्र म्हणाला. "आमच्या डेपोत एक कंडक्टर काटे चावून खायचा."

जयमालाबाई कठड्याला टेकून बराच वेळ खाली पाहत राहिल्या.

"त्या सकाळचं सांगा. कोणी काही मागितलं?"

"अण्णांनी," चांगुणाबाई म्हणाली. "सहा वाजलं असतील. बादलीभर गरम पानी आन् मूठभर मीठ. पाय दुखत्यात, शेकायचेत म्हनले. मी दारापाशी नेऊन दिलं. त्यांनी आत येऊ दिलं न्हाई, माधुरी झोपलीया म्हनले."

"कुठल्या खोलीच्या दारापाशी?"

"धाकट्याच्या."

"आरडाओरडा कधी झाला?"

"साडेआठला," सहादू म्हणाला. "अण्णा ओरडले तसा मी पळतच गेलो. मिनिट बी लागलं नसंल. मास्तर खाटेवर गार. वहिनी कोपऱ्यात. खोलीत नुसता उदबत्तीचा वास. केळ्याला आठ-धा उदबत्त्या खोचल्याल्या, जळून पार काड्या राहिल्या हुत्या. खाली राखच राख."

"तुमची जीप कुठं होती?"

"दारातच की. तालुक्याचा दवाखाना अर्ध्या तासावर."

"मास्तरांचा चेहरा पाहिलात, चांगुणाबाई?"

"डोळं उघडं हुतं," ती हळू म्हणाली. "बुबुळातला काळा ठिपका पार बारीक. राळ्याच्या दाण्यावानी. तोंडाला फेस वाळल्याला. चादर घामानं चिंब."

जयमालाबाईंनी डोळे मिटले. असे डोळे त्यांनी इतक्यांदा पाहिले होते, की मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"खोलीतली एखादी वस्तू कमी झाली?"

"एक टावेल," सहादू म्हणाला. "आन् स्टीलचा एक पेला. हाटेलचं नाव घातल्याला. म्हनलं, दुःखाच्या गडबडीत सामानात गेला असंल."

"मच्छिंद्रभाऊ," जयमालाबाई म्हणाल्या, "खाली शेरडं चारणारा कोणीतरी दिसतोय. त्याला वाट विचारा आणि कड्याच्या मधल्या टप्प्यावर जाऊन या. ती घायपाताची काटेरी झुडपं दिसतायत ना, तिथं."

"काय शोधू?"

"टॉवेल."

मच्छिंद्र दीड तासानं घामाघूम होऊन वर आला. त्याच्या हातात गाठ मारलेलं एक बोचकं होतं. जयमालाबाईंनी गाठ सोडली, आत पाहिलं, वास घेतला आणि पुन्हा बांधून ठेवलं.

"आत काय हाय?" चांगुणाबाईनं विचारलं.

"आज नको. अजून दोन माणसांना भेटायचंय."

---

कानिफनाथअण्णांनी त्यांना संस्थेच्या कचेरीत चहा दिला. अंगानं भरलेला, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. बोलणं सावकाश.

"त्या बाईविषयी माझ्या मनात राग नाही," ते म्हणाले. "गरीब आहे. चूक झाली."

"तुमचे भाऊ व्यवस्थित जेवले?"

"रवीनं तर ताट चाटूनपुसून खाल्लं. कित्येक महिन्यांनी असा जेवला. सहा महिने उदास होता, कोणाशी बोलत नव्हता. हवापालट म्हणून नेलं होतं."

"तुम्हाला कळलं कधी?"

"साडेआठला. मला तिथं गाढ झोप लागली. उठलो, त्याला हाक मारायला गेलो, तर संपलेलं होतं."

"त्याआधी तुम्ही उठलाच नव्हता?"

"नाही. का?"

"सहज विचारलं."

घरी माधुरी ओसरीवर तांदूळ निवडत होती. पस्तिशीची असेल, पण हालचाली म्हातारीच्या. प्रश्नाआधीच ती म्हणाली, "त्यांना समुद्र बघायचा होता. कधी पाहिला नव्हता. कोकणात जायला अण्णांना सवड नव्हती, म्हणून तिथं नेलं."

"पाणी पाहून काय म्हणाले?"

"म्हणाले, याला पलीकडचा काठ दिसतो."

मागून अण्णांची चाहूल लागली. माधुरीनं मान खाली घातली आणि पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली.

गाडीत बसल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "बायकोच. नजर चुकवत होती."

"दमलेली माणसंही नजर चुकवतात," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी डोकं काचेला टेकवलं. "अण्णांना पत्र टाकायचंय. म्हणावं, चांगुणाबाईंना तुमची समक्ष माफी मागायची आहे. वहिनींनाही घेऊन या."

"येतील?"

"माफी द्यायला आवडणारा माणूस आहे. येईल."

---

पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता 'समुद्रदर्शन'चं कुलूप निघालं. टेबलावरच्या खुर्च्या खाली आल्या. अण्णा मधल्या खुर्चीवर बसले, माधुरी त्यांच्या मागे उभी राहिली. चांगुणाबाई भिंतीशी उभी होती. सहादू आणि मच्छिंद्र दारात.

"मागा माफी," अण्णा मायेनं म्हणाले. "मी तर केव्हाच दिली आहे."

"त्याआधी त्यांची चूक काय ते ठरवू," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवण्याइतकी ताकदही नव्हती. "एका भांड्यातला मासा पाच जणांकडे गेला. चौघं ठणठणीत. तेव्हा मासा शिळा नव्हता. मग एकाच ताटात काही होतं का? तर त्या ताटातलं कोणी खाल्लंच नाही."

"रवीनं चाटूनपुसून—"

"माणूस मासा खातो, अण्णा. काटे ठेवतो. अगदी काटेही चावले म्हणू, पण लिंबाची पिळलेली फोड कोणी खात नाही. तिसऱ्या ताटात फोडसुद्धा नव्हती. ते ताट जेवून रिकामं झालं नाही, ओतून रिकामं केलं."

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. "एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. तुम्ही म्हणालात, साडेआठला जागे झालात. सहा वाजता तुम्ही रविराजांच्या दारात उभं राहून गरम पाणी आणि मीठ मागितलंत. पाय शेकायला माणूस दुसऱ्याच्या खोलीत जात नाही. मिठाचं पाणी आमच्याकडे खेड्यापाड्यांतून कशासाठी पाजतात, ते मी सव्वीस वर्षं पाहिलंय. कोणी पिकावरचं औषध प्यायलं की ओकारी काढायला."

माधुरीचे हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळले.

"साडेआठला तुम्ही ओरडलात. मिनिटभरात सहादू आत आला. तेव्हा उदबत्त्या जळून नुसत्या काड्या उरल्या होत्या. एक उदबत्ती जळायला अर्धा तास तरी लागतो. माणूस मेलाय हे कळायच्या आधीच त्या कोणी लावल्या? आणि आठ-दहा? पिकावरच्या औषधाचा वास सहजासहजी जात नाही, म्हणून लावल्या. बुबुळं बारीक झालेली, तोंडाला फेस, घामानं भिजलेली चादर. शिळ्या अन्नानं असं होत नाही."

त्यांनी खुणावलं. मच्छिंद्रनं बोचकं टेबलावर आणून सोडलं. सुकलेला मासा, भाकरीचा चुरा, लिंबाची वाळकी फोड. हॉटेलचं नाव असलेला पेला. आणि एक लहान बाटली. इतके दिवस गाठीत कोंडलेला वास खोलीभर पसरला.

"कठड्यावरून टाकलेलं पाण्यात पडेल असं वाटलं असेल. मधल्या टप्प्यावर घायपात आहे. त्यात अडकलं."

मच्छिंद्र न राहवून म्हणाला, "म्हणजे यांनीच भावाला पाजलं!"

"नाही. पाजणारा माणूस ओकारी काढायला मीठ मागत नाही. रविराजांनी स्वतःच घेतलं. फार दिवस आजारी होते, आणि त्या आजाराला घरात कोणी आजार म्हणत नव्हतं." जयमालाबाई अण्णांकडे वळल्या. "यात तुमचा गुन्हा नव्हता. तुमचा गुन्हा सहानंतरचा आहे. भाऊ जिवंत होता. जीप दारात होती. दवाखाना अर्ध्या तासावर. तुम्ही अडीच तास दार बंद ठेवलंत. बाटली, पेला, न खाल्लेलं ताट, सगळं गुंडाळून फेकलंत. ताटं बाहेर ठेवलीत. आणि हे पाप कोणावर तरी ढकलायला हवं होतं, म्हणून या बाईला माफ केलंत."

अण्णांनी टॉवेलचं टोक ओढून बाटली झाकली.

"मला वाटलं, मिठानं निघेल," अण्णा शेवटी म्हणाले. "माझ्या थोरलीचं लग्न ठरलंय. सासरच्यांच्या कानावर गेलं असतं... दवाखान्यात नेलं की पोलीस येतात. मला वाटलं, वाचेल. घरातली गोष्ट घरात राहील."

"वाचला असता?" हा प्रश्न माधुरीचा होता. तो तिनं जयमालाबाईंना विचारला होता.

जयमालाबाईंना खोटं बोलायचं होतं. ते त्यांना जमलं नाही. "सगळे वाचत नाहीत. पण वेळेवर आणलेले पुष्कळ वाचतात."

"सहा वाजता ते माझ्याकडे बघत होते," माधुरी म्हणाली. "मला ओळखत होते. पाणी मागितलं. मी जीप जीप म्हणत होते. अण्णांनी कडी लावली."

"माधुरी, गप्प बस."

"इतके दिवस गप्पच होते." ती खुर्चीमागून पुढे आली आणि चांगुणाबाईसमोर उभी राहिली. "तुमच्या हातचा एक घासही त्यांनी खाल्ला नव्हता. मला माहीत होतं. तुमच्यावर आलं तेव्हा मी काही बोलले नाही."

चांगुणाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग ती अण्णांकडे वळली.

"तुमी मला माफ केलं," ती म्हणाली. "मी तुमच्या पाया पडले हुते."

अण्णा उठले. ते बाहेर गेले. त्यांच्या मोटारीचं दार वाजलं, पण गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.

"जबाब द्यावा लागेल," जयमालाबाई माधुरीला म्हणाल्या. "पारनेरच्या ठाण्यात. तुम्ही काय केलंत, काय केलं नाहीत, सगळंच सांगावं लागेल. सोपं नाही ते. घरी परत जाता येईल का, तेही ठाऊक नाही."

"आजच जाऊ," माधुरी म्हणाली. "उद्या माझ्यानं होणार नाही."

मच्छिंद्रनं फियाट दारात आणली. माधुरी चालत निघाली, पण पायरीपाशी तिचे पाय थांबले. तिनं दाराची चौकट धरली आणि तशीच उभी राहिली. खाली ऊन पडून पाणी चकाकत होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

जयमालाबाई गाडीपाशी वाट पाहत होत्या. कोणाला ओढून न्यायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

चांगुणाबाई भिंतीपासून हलली. तिनं पायात चपला सरकवल्या आणि माधुरीचा दंड धरला. त्यात माया होती असं नाही. पण पकड घट्ट होती.

"चला," ती म्हणाली. "एकलीनं कशाला जायचं त्या ठान्यात? मी येते संगं."

दोघी मागच्या सीटवर बसल्या. जयमालाबाई पुढे बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मच्छिंद्रनं पहिल्यांदाच कुठलाही निकाल न देता गाडी सुरू केली.